चार ठिकाणी चार आयपी दिसतात, यातला माझा खरा कोणता?

दिग्रसचा पोट्टा
नमस्कार मंडळी. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव दिग्रस तालुक्यातलं. घरी वायफाय नाही. बाबांच्या फोनचा हॉटस्पॉट घेतो, तोही ते वावरातून आल्यावर. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. एथिकल हॅकिंग शिकायचं आहे. अमरावतीच्या एका क्लासने चाळीस हजार सांगितले, ते यंदाच्या सोयाबीनमध्ये बसत नाहीत, म्हणून स्वतःच व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आतच दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम) काली, म्हणजे हॅकिंगच्या टूलसह येणारं लिनक्स, टाकलं.

आता अडलं असं, की कालीत माझा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १०.०.२.१५ दिसतो. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग ही कमांड मारली तर १९२.१६८.४३.११७. फोनच्या सेटिंगमध्ये १००.८१ ने सुरू होणारा. अन् आयपी सांगणाऱ्या वेबसाइटवर चौथाच. खरा कोणता? शेवटचा माझाच असेल तर त्याच्यावर एनमॅप (मशीनचे उघडे दरवाजे, म्हणजे पोर्ट, शोधणारं टूल) चालवून सराव करू का?

कोडवाला अकोला
नेटवर्किंगमध्ये वेळ घालवू नको भाऊ. काली आलं ना, आता टूलचे व्हिडिओ पाह्य अन् चालव. बाकीचं आपोआप समजते.

केबलवाला काका, दारव्हा
अकोलेकर, आपोआप काही समजत नाही बाप्पा. माह्याकडं कामाले येणाऱ्या पोट्ट्यायले ओएसआयचे (नेटवर्किंगचा पुस्तकी नकाशा) सातही लेयर तोंडपाठ राहतात, अन् लॅपटॉपवर १६९.२५४ चा आयपी दिसला तर काय बिघडलं ते सांगता येत नाही. डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याकडून, पत्ता भेटला नाही, एवढंच राहते ते.

दिग्रसकर, तुह्ये चारही आयपी खरे आहेत. आतून बाहेर ये. १०.०.२.१५ हा व्हर्च्युअलबॉक्सनं कालीले देला. नॅट मोडमध्ये (आतला पत्ता काढून बाहेरचा लावते ते नॅट) तो हाच देते, माह्याकडंही हाच आहे. १९२.१६८.४३ वाला बाबाच्या फोननं लॅपटॉपले देला. १००.८१ वाला कंपनीनं फोनले देला. चौथा कंपनीचा, जगाले दिसणारा. म्हणजे कालीतून निघालेलं पॅकेट (डेटाचं गाठोडं) तीनदा नॅट होऊन बाहेर पडून राहिलं.

काऊन? आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटचा, सगळे मोजले तरी ४३० कोटी भरत नाहीत. म्हणून १० पासूनचे, १७२.१६ ते १७२.३१ अन् १९२.१६८ हे पट्टे खासगी वापराले काढून ठेवले, १९९६ पासून नियम तोच आहे. कंपन्यायनंही तेच वापरले तर गिऱ्हाइकाच्या घरातल्या पत्त्यायशी टक्कर होते, म्हणून २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा त्यायच्यासाठी वेगळा केला.

आमच्याकडं कुरिअरवाला गावात येत नाही. फाट्यावरच्या पानठेल्यावर सगळ्यायचे पार्सल टाकून जाते, कोणतं कोणाचं ते ठेलेवाल्याच्या वहीत. नॅट तेच करते, त्याच्या वहीत पोर्ट नंबर राहतात. चौथ्या आयपीवर एनमॅप मारशील तर तू पानठेला तपासशील, तुह्यं घर नाही. ते कंपनीचं मशीन आहे, एका पत्त्यामागं कितीतरी गिऱ्हाइकं. त्याले हात लावू नको.

सराव घरातच कर. विंडोजवर वायरशार्क (येणारे-जाणारे पॅकेट दाखवते ते) टाक, अ‍ॅडमिन म्हणून आर्पची कॅश (कोणता आयपी कोणत्या मशीनचा ती यादी) साफ कर, अन् फोनले, म्हणजे १९२.१६८.४३.१ ले पिंग (आहेस का, अशी हाक) मार. पिंगच्या आधी एक ओळ दिसन: १९२.१६८.४३.१ कोणाकडं आहे, १९२.१६८.४३.११७ ले सांगा. हे आर्प, १९८२ चं. हा प्रश्न सगळ्यायले ऐकू जाते, अन् जो उत्तर देईन त्याच्यावर मशीन भरोसा ठेवते, ओळखपत्र काही मागत नाही. आर्प स्पूफिंग (खोटं उत्तर देऊन फसवणं) म्हणतात ते याच्यातूनच निघते. आता सांग, ही ओळख नसताना टूल चालवून तुले काय समजलं असतं?

मंग एखादी वेबसाइट उघड. पोर्ट ५३ वर डीएनएसची (नावावरून आयपी सांगते ते) विचारणा, मंग जोडणीचे तीन पॅकेट, सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक, मंग ४४३ वरचं बंद गाठोडं. ब्राउजर गुप्त डीएनएस वापरत असन तर ५३ वालं दिसणार नाही, ते बंद करून पाह्य. एक वेबसाइट, एक संध्याकाळ, ओळ न् ओळ वाच. गिऱ्हाईक 'नेट बंद' म्हणून फोन करते तवा मीही असाच खालून वर जातो: डब्ब्यावर लाल लाइट आहे का (असन तर फायबर तुटला, जेसीबी नाहीतर वानरं), राउटरले पिंग लागते का, ८.८.८.८ ले (गूगलचं डीएनएस) लागते का, नावानं लागते का. शेवटचंच अडलं तर डीएनएस.

वणीची ताई
काकांचं बरोबर, पण एक राहिलं. मोबाइलवर आयपीव्ही६ असेल तर पत्ता १२८ बिटचा येतो, तिथं साधारणपणे नॅट नसतं आणि आर्पही नसतं, त्याचं काम नेबर डिस्कव्हरी करते. वायरशार्कमध्ये आर्प सापडला नाही तर घाबरू नको, पिंग आयपीव्ही४ च्या पत्त्यालाच मार.

मी पुण्यात सिक्युरिटी मॉनिटरिंगमध्ये आहे, म्हणून कायद्याचंही सांगते. आयटी कायदा २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याबद्दल आहे, त्यात भरपाई द्यावी लागते. तेच बेइमानीने केलं तर कलम ६६, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'शिकत होतो' हे परवानगीपत्र नव्हे.

बाहेरचं काही स्कॅन करायचंच असेल तर एनमॅपवाल्यांनी स्वतःचा 'स्कॅनमी' सर्व्हर त्यासाठी ठेवला आहे, थोडेफार स्कॅन चालतात, रात्रभर झोडपायचं नाही. त्याहून बरं म्हणजे मेटास्प्लॉइटेबल २ उतरव. जाणूनबुजून भोकं ठेवलेलं लिनक्स आहे, ५१२ एमबी रॅममध्ये चालतं. ते आणि काली दोन्ही होस्ट-ओन्ली (फक्त तुझ्या लॅपटॉपच्या आतल्या) नेटवर्कवर ठेव. ब्रिज्ड (थेट हॉटस्पॉटला जोडणं) कधीच नको, नाहीतर ती भोकं हॉटस्पॉटवरच्या सगळ्यांना उघडी. आणि काली नॅटमध्ये ठेवून एनमॅप मारलास तर मधलं व्हर्च्युअलबॉक्स उत्तरं बदलतं, निकाल धरू नकोस.

दिग्रसचा पोट्टा
काका, ताई, खूप आभार. आर्पची ओळ दिसली, अगदी तशीच! होस्ट-ओन्लीवर दोघांना १९२.१६८.५६ चे पत्ते आले. पण एक गंमत आहे. कालीतून मेटास्प्लॉइटेबलला पिंग लागतो, माझ्याच विंडोजला लागत नाही. तरी एनमॅप म्हणतो विंडोज चालू आहे. खोटं कोण बोलतं?

केबलवाला काका, दारव्हा
कोणीच नाही. विंडोजचं फायरवॉल (नको ते पॅकेट अडवणारं) पिंग गिळून राहिलं, पण आर्पचं उत्तर देऊनच राहिलं, ते देलं नाही तर नेटवर्कच चालत नाही. एकाच नेटवर्कात असला की एनमॅप आधी आर्पनंच विचारते, पिंगच्या भरोशावर राहत नाही. कालीत वायरशार्क लावून पाह्य, दोन्ही दिसतीन.

आता पोर्टायकडं पाह्य. जिथं सिनले लगेच आरएसटी (जोडणीले नकार) येते तिथं मशीन आहे पण ऐकणारं कोणी नाही, एनमॅप त्याले 'क्लोज्ड' म्हणते. जिथं काहीच येत नाही तिथं मधात फायरवॉल, ते 'फिल्टर्ड'. मेटास्प्लॉइटेबलवर 'क्लोज्ड' भेटतीन, विंडोजवर 'फिल्टर्ड'. दोन्हीचे निकाल इथं टाक, मंग पुढचं बोलू. अन् विंडोजचं फायरवॉल बंद नको करू रे, फक्त पिंगचा नियम चालू कर.