विषय: टॅग रग्बी – भारताच्या संघासाठी चाचणी कशी द्यायची?

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आम्ही गणपतीनंतर मुंबईला परतलो, पार्ल्याला सासऱ्यांच्या घरी. सिडनी सुटलं तरी तिथल्या आपल्या मंडळाच्या ईमेल लिस्टवरून नाव काढलेलं नाही.

विचारायचंय ते लेकीबद्दल. सात वर्षांची होती तेव्हापासून ती ओझटॅग खेळते, म्हणजे समोरच्याला पाडण्याऐवजी त्याच्या कमरेची पट्टी (टॅग) ओढायचा, टॅग रग्बीचा ऑस्ट्रेलियातला प्रकार. आता 17 पूर्ण झाली. इथे आल्यापासून तिने एकच ध्यास घेतलाय, भारताकडून खेळायचं. सासरे तरुणपणी खो-खो खेळायचे, त्यामुळे त्यांचाही जीव यात अडकलाय. मी एका ठिकाणी तीन मेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. तिच्याकडे ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे. तेवढं चालतं का? चाचणीत काय बघतात? ज्यांना ठाऊक असेल त्यांनी कृपया लिहा.

– ओझटॅगवालीची आई, विलेपार्ले पूर्व

———

विषय: उत्तर – टॅग रग्बी

ताई, नमस्कार.

मी आपल्या मंडळात बरीच वर्षं होतो, आता माहीमला असतो आणि रविवारी सकाळी मुलांना टॅग शिकवतो. उत्तर लांबेल, पण पोरीने अर्धवट माहितीवर आशा लावून बसू नये असं मनापासून वाटतं.

आधी पासपोर्टचं बोलू. क्रीडा मंत्रालयाने डिसेंबर 2008 मध्ये ठरवलं की मान्यताप्राप्त राष्ट्रीय महासंघाच्या संघात फक्त भारतीय पासपोर्ट असलेलाच खेळेल. ओसीआय कार्ड तिथे उपयोगी पडत नाही. रग्बी इंडिया हा मान्यताप्राप्त महासंघ आहे. तिकडे वाढलेल्या आपल्या मुलांची गफलत इथेच होते. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नियमाने आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणी त्या देशात जन्मलेलं असलं की खेळता येतं, म्हणून त्यांना वाटतं आजोबा दादरचे आहेत, झालं काम. भारतापुरतं तेवढ्याने होत नाही.

वाट बंद मात्र नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्यात सोय आहे. अर्जदार सज्ञान हवा, ओसीआय नोंदणीला 5 वर्षं झालेली हवीत आणि अर्जाआधी 12 महिने भारतात राहिलेला हवा. मग अर्ज करता येतो, पण दुसरा पासपोर्ट सोडावा लागतो. फुटबॉलपटू इझुमी अराताने जपानी नागरिकत्व सोडलं आणि 2013 मध्ये तो भारताकडून खेळला. तुमच्या मुलीने 18 व्या वर्षी एका चाचणीसाठी हे करावं असं मी सुचवणार नाही. तिचं शिक्षण कुठे, पुढे राहणार कुठे, हे सगळं त्यात गुंतलेलं आहे. घरात बसून नीट बोला.

टॅगचं आणखी एक वेगळेपण आहे. त्याचा विश्वचषक वर्ल्ड रग्बी भरवत नाही, इंटरनॅशनल टॅग फेडरेशन भरवतं. 2018 मध्ये तो कॉफ्स हार्बरला झाला, 2023 मध्ये आयर्लंडात लिमरिकला. तेव्हा भारताच्या नावाने संघ न्यायचं कुणी म्हणालं, तर आधी विचारा: मान्यता कुणाची? पात्रतेचा नियम कोणता? विमानाचं तिकीट, राहणं, कपडे यांतलं काय काय खेळाडूने भरायचं? या खेळात बहुतेकांना खर्च पदरचाच करावा लागतो. उत्तरं लेखी आल्याशिवाय एक पैसाही भरू नका.

आता खेळाविषयी. रग्बीची दोन घराणी आहेत, लीग आणि युनियन. ओझटॅग हा रग्बी लीगच्या घराण्यातला, सहाव्या टॅगनंतर चेंडू समोरच्यांकडे जातो. इथे मुलांना बहुतेक ठिकाणी शिकवतात तो रग्बी युनियनच्या घराण्यातला. पट्टी निघाली की ताबडतोब पास द्यायचा. तिला सुरुवातीला अडखळायला होईल. रग्बी इंडियाच्या वाटेने जायचं असेल तर टॅग ही पहिली पायरी, पुढे सेव्हन्स (सात-सात जणांचं रग्बी), आणि तिथे अंगाला अंग भिडतं. टॅकल, म्हणजे समोरच्याला पकडून पाडणं, शिकायची तयारी आहे का, हे तिलाच विचारा.

चाचणीत लोकांना वाटतं वेग बघतात. मी तरी आधी कंबर बघतो. बचाव करणारा समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत राहिला की हमखास फसतो, कारण डोळे आणि खांदे खोटं बोलतात, कंबर बोलत नाही, आणि पट्ट्याही तिथेच असतात. माझ्याकडे कबड्डीतला एक मुलगा आला. हुलकावणी अशी देतो की दोघं जण एकमेकांवर आपटतात. पण बचावाला उभा राहिला की हात आपोआप समोरच्याच्या मांडीला जातो, पकड करायला. ती सवय मोडायला दोन महिने लागले. चेंडू घेऊन पळणाऱ्या मुलींची दुसरीच चूक होते, मोकळा हात नकळत पट्टीवर जातो. पट्टी हाताने झाकली की दंड. खो-खोवाल्या मुलींना हे लवकर जमतं, त्यांचे दोन्ही हात वाऱ्यावर असतात. तुमच्या सासऱ्यांना मैदानावर घेऊन या, त्यांचा उपयोग होईल.

मुंबईत रग्बी म्हटलं की लोकांना बॉम्बे जिमखान्याचं कुंपण आठवतं. पण 1999 मध्ये मॅथ्यू स्पेसी या तिथल्याच खेळाडूने समोरच्या फुटपाथवरच्या मुलांना बोलावून त्यांच्यासोबत रग्बी सुरू केलं आणि त्यातून मॅजिक बस संस्था उभी राहिली. चेंडू हातात घ्यायला सभासदत्व लागत नाही. रविवारी सकाळी साडेसहाला या.

———

विषय: उत्तर – टॅग रग्बी

ताई, दादांनी सगळं लिहिलंच आहे, माझी एकच भर. लेकीच्या इथल्या सामन्यांचं चित्रीकरण कुणाकुणाकडे असेल ते आत्ताच मागून ठेवा, दोन वर्षांनी कुणाच्या फोनमध्ये सापडणार नाही. आमच्याकडचं मी शोधते. आणि या खेळात 35 वर्षांवरच्यांचेही संघ असतात बरं का. तुम्ही पण उतरा.

– पॅरामॅटा, सिडनीहून

———

विषय: उत्तर – टॅग रग्बी

दादा, ताई, दोघांचे मनापासून आभार.

रविवारी गेलो होतो. आदल्या रात्रीच्या पावसाने लाल चिखल झालेला, लेकीचे बूट पहिल्या पाच मिनिटांत जड झाले. टॅग झाल्यावर ती सवयीने थांबून चेंडू पायामागे टाकायला गेली आणि तिच्यापेक्षा वीतभर लहान मुलगी तो उचलून निघूनही गेली. तोंड पडलं होतं तिचं. सासरे कडेला छत्री टेकवून उभे होते. मध्यंतरात त्यांनी तिला बाजूला घेऊन इतकंच सांगितलं, "वळायच्या आधी तू मान वळवतेस, म्हणून कळतं." दुसऱ्या डावात तिने मान सरळ ठेवली आणि दोघींना चकवून पार गेली. घरी येईपर्यंत रिक्षात आजोबा-नात त्याच एका वळणावर बोलत होते.

पासपोर्टचं तिने शांतपणे ऐकून घेतलं. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. 18 पूर्ण झाल्यावर बघू म्हणाली, तोवर इथेच खेळणार आणि टॅकलही शिकणार. मला त्या टॅकलची धास्ती वाटते, पण तिला अडवणार नाही.

एक विनंती आहे. तिथे पट्ट्या सगळ्यांना पुरत नाहीत. अर्ध्या मुली जुन्या ओढणीचे काठ फाडून चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये खोचतात. ते ओढताना कधी निघतात, कधी निघतच नाहीत, मग भांडणं होतात. डिसेंबरात मुंबईला कुणी येणार असेल तर वेल्क्रोच्या पट्ट्यांचे 20 जोड बॅगेत टाकून आणाल का? वजनाला काहीच नसतात. पैसे लगेच पाठवते, आणि घ्यायला विमानतळावर मीच येईन, पार्ल्याहून जवळच आहे.