‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’: पहिला भाग सोनं, पुढचे सात पितळ?

धंतोलीचं घुबड

नेटफ्लिक्सवर गुरुवारी, 21 मार्च 2024 ला ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ ही मालिका आली. शुक्रवार-शनिवारच्या दोन रात्री घालून आठही भाग संपवले. आज कॉलनीत होळी पेटली तेव्हा मी हातात नारळ घेऊन पेंगत उभा होतो आणि बायको शेजारणीला सांगत होती, “यांना परग्रहवाल्यांनी जागवलंय.” ज्यांनी पाहिली नाही त्यांनी इथूनच परत फिरावं, खाली सगळं फोडलेलं आहे.

मूळ कादंबरी लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाची. तिच्या इंग्रजी अनुवादाला 2015 मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. मालिका बेनिऑफ, वाइस आणि अलेक्झांडर वू यांची. पैकी पहिले दोघं ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले. 2019 मध्ये त्यांनी तिचा शेवट कसा गुंडाळला ते मी अजून विसरलेलो नाही.

सुरुवात 1966 ची. बीजिंग, सांस्कृतिक क्रांती. पदार्थविज्ञानाचा एक प्राध्यापक व्यासपीठावर, समोर ओरडणारी गर्दी. गुन्हा काय, तर सापेक्षता शिकवली. त्याची बायकोच त्याच्याविरुद्ध बोलते. तो तिथेच मार खाऊन मरतो आणि त्याची मुलगी ये वेनजिए गर्दीतून पाहत असते. पुढे हीच मुलगी एका रेडिओ केंद्रातून परग्रहाला निरोप धाडते: या, आम्हाला आमचं निस्तरत नाही. ‘उत्तर देऊ नका’ असा इशारा तिकडूनच आलेला असतानाही धाडते. का, हे कुणी समजावून सांगत नाही. त्या दहा मिनिटांतच ते आपल्याला कळलेलं असतं.

आणि मग लंडन. ऑक्सफर्डमध्ये एकत्र शिकलेले पाच मित्र. शास्त्रज्ञ एकामागून एक जीव देतायत, तारे दिव्यांसारखे उघडझाप करतायत, आणि आपली मंडळी कोण कुणावर प्रेम करत होतं याचा हिशेब लावत बसलीयत. पहिला भाग विज्ञानकथा, बाकीची कौटुंबिक मालिका. हळदीकुंकवाच्या जागी वाईन, एवढाच फरक. पटत नसेल तर भांडा.

तर्री मार के

अबे घुबडभाऊ, झोप काढ आधी! दोन रात्री जागून पाहशीन तं कोनाचंबी प्रेम डोक्यातच जाईन ना बे.

मी माह्या आईसंग पाहून राहिलो. आई सातवी शिकली, इंग्रजी येत नाही, मी थांबवून थांबवून सांगतो. तो हेडसेटवाला खेळ आहे ना, त्यात तीन सूर्यांच्या ग्रहावरचे लोक वाळून जातात, गुंडाळी करून ठेवतात, आन् दिवस बरे आले का पान्यात भिजवून जिवंत करतात. आई म्हने, “हे तं आपल्या कुरडया झाल्या.” परवाच गच्चीवर वाळवण घातलं तिनं. तिले एका वाक्यात समजलं, तुले आठ भागात नाही समजलं.

आन् चौथ्या भागात तो म्हातारा इव्हान्स, परग्रहवाल्यांचा भक्त, त्यांले लांडग्याची गोष्ट सांगते. त्यांले खोटं बोलनंच माहीत नाही, त्याच्यानं ते घाबरतात का मानसं एकमेकांले फसवतात म्हनून. आई लगेच म्हने, “मग भोपळ्यातल्या म्हातारीची सांगाले पाहिजे होती.” इचार कर भाऊ. वाघ खातो म्हनते, म्हातारी म्हनते थांब, लेकीकडं जाते, तूपरोटी खाते, जाडी होऊन येते, मंग खा. आन् येते तं भोपळ्यात बसून! मुदत मागून फसवते ना बे ती. त्यांले चारशे वर्षं यायले लागनार, म्हनजे आपल्याले फुकटात मुदत भेटली. अख्खी मालिका हेच तं हाय. मित्र-मित्र, प्रेम-गिम बाजूले राहू दे.

निवृत्त मास्तर

आईंना माझा नमस्कार सांगा. भोपळ्याचा मुद्दा आजवर कुठल्या परीक्षणात वाचला नव्हता.

मी तेहेतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे माझी तक्रार निराळी आहे. घुबडराव, तुम्हाला विज्ञान कमी वाटलं. मला जिथे जास्त दाखवलंय तिथेच खोट दिसली.

तीन वस्तूंचा प्रश्न खरा आहे. दोन वस्तू एकमेकींभोवती कशा फिरतील हे न्यूटनच्या गणिताने नेमकं सांगता येतं. तिसरी आली की कुठल्याही परिस्थितीला लागू पडेल असं साधं सूत्र उरत नाही, आणि सुरुवातीच्या जागेत केसभर फरक पडला तरी पुढचं सगळं बदलतं. स्वीडनचा राजा ऑस्कर दुसरा याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त ठेवलेलं बक्षीस फ्रेंच गणितज्ञ प्वांकारेला 1889 मध्ये याच विषयावरच्या निबंधासाठी मिळालं. मागाहून निबंधात चूक सापडली. छापलेल्या प्रती परत घेऊन नवा मजकूर छापावा लागला, आणि तो खर्च प्वांकारेने स्वतः दिला. बक्षिसाहून जास्त! वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही जागे व्हायचे.

आता खोट. आपल्या शेजारी तीन ताऱ्यांचं कुटुंब खरंच आहे, अल्फा सेंटॉरी. पण त्यातले दोन मोठे तारे एकमेकांभोवती सुमारे 80 वर्षांत एक फेरी घालतात, आणि तिसरा, प्रॉक्सिमा, त्यांच्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 13,000 पट लांब आहे. त्याची एक फेरी म्हणजे पाच लाखांहून जास्त वर्षं. तिथे तीन सूर्यांची ओढाताण होत नाही. हे मी माफ करतो, कारण एवढी मोकळीक लेखकाला हवीच.

पण ते सोफॉन! परग्रहवाल्यांनी एक प्रोटॉन उलगडून त्याचा संगणक केला, पृथ्वीवर धाडला, दुसरा घरी ठेवला, आणि दोन्ही एकमेकांशी क्वांटम नात्याने गुंतलेले असल्याने चार प्रकाशवर्षांवरून क्षणात गप्पा. असं होत नाही. गुंतलेल्या कणांची मापं एकमेकांशी जुळतात, पण त्यातून निरोप धाडता येत नाही. ज्या मालिकेत प्राध्यापक सापेक्षतेपायी मरतो, तिनेच पुढे प्रकाशाहून वेगाने काही धाडता येत नाही हा सापेक्षतेचा नियम सोयीसाठी मोडावा, हे मला टोचलं.

स्कार्फवाली

मास्तर, टोचलं तरी आठही भाग पाहिलेच ना तुम्ही?

घुबड, तुमच्याशी मात्र भांडायचंय. चीनची गोष्ट लंडनला नेली म्हणून गळा काढताय. याच कादंबरीवर 2023 मध्ये चिनी भाषेतली 30 भागांची मालिका आली होती. तिच्यात तुमचा तो ‘सोन्याचा’ 1966 चा प्रसंग इतका उघडा दाखवलेला नाही. ज्यांनी गोष्ट लंडनला नेली, त्यांनीच तो असा दाखवला. एका हाताने त्यांना हार घालायचा आणि दुसऱ्या हाताने कान धरायचा, असं कसं चालेल?

आणि पाचव्या भागाबद्दल कुणीच बोलत नाहीये. पनामा कालव्यात डोळ्यांना न दिसणारे तंतू आडवे ताणलेत, आणि त्या म्हाताऱ्या इव्हान्सचं जहाज आपल्या वेगाने त्यातून जातं. सगळे म्हणतायत काय कल्पना, काय कल्पना. मी रोज मानेवाड्याहून सिव्हिल लाइन्सला स्कूटीवरून जाते. संक्रांतीच्या दिवसांत हेल्मेटच्या खाली गळ्याला स्कार्फचे तीन वेढे घेते, नायलॉन मांजापायी. बंदी आहे, पोलीस दरवर्षी पकडतात, तरी दरवर्षी कुणाचा ना कुणाचा गळा कापलाच जातो. यंदा उड्डाणपुलावर माझ्या पुढच्या मुलाच्या आरशाला मांजा अडकला, म्हणून तो वाचला. त्याने गाडी बाजूला घेतली आणि कितीतरी वेळ नुसता स्वतःच्या मानेवरून हात फिरवत होता. तो प्रसंग पाहताना माझाही हात गळ्याकडे गेला. लोक याला भविष्यातलं तंत्रज्ञान म्हणतायत!

धंतोलीचं घुबड

चिनी मालिकेचा मुद्दा मान्य. मी तिचे दोन भाग पाहून सोडली होती, तेव्हा त्यावर मी बोलू नये हे बरं.

पण तुम्ही ज्या प्रसंगाचं कौतुक करताय, त्याच्यावरच माझा जास्त राग आहे. त्या जहाजावर लहान मुलं होती. परग्रहवाल्यांशी झालेलं बोलणं साठवलेल्या एका हार्ड ड्राइव्हसाठी सगळे कापले. जिने तंतू बनवले ती ऑगी, त्या पाच मित्रांतली, पुढच्या भागांत काय करते? उदास होते आणि निघून जाते. एवढं मोठं पाप, आणि त्यावर मालिका किती मिनिटं थांबते?

स्कार्फवाली

मी कौतुक कुठे केलं? मी गळ्याला हात गेला म्हटलं.

ती निघून जाते हेच मला पटलं. आमच्या ऑफिसात चुकीचं काही झालं तर लोक भाषण देत नाहीत, बदली मागतात.

फुटाळ्याचा वारा

सगळे फार खोलात गेलेत. माझा साधा प्रश्न. शत्रू 400 वर्षांनी येणार, तर घाबरायचं कशाला? तोवर माझ्या पंधरा-सोळा पिढ्या होतील. मला पुढच्या महिन्यातल्या मतदानाच्या ड्यूटीची भीती जास्त वाटते. 19 एप्रिल, नागपुरातलं ऊन, आणि शाळेच्या खोलीत एक पंखा.

निवृत्त मास्तर

400 वर्षं मागे जाऊन पाहा. 1624. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता. आपलं नागपूरही नव्हतं. बख्त बुलंद शाहने ते वसवलं 1702 मध्ये, तेही बारा वाड्या जोडून. त्या बारा वाड्यांतल्या कुणाला सांगितलं असतं की तुझ्या सोळाव्या पिढीला अमुक संकट आहे, तर त्याने तुमच्यासारखंच विचारलं असतं, आणि तलावावर पाणी भरायला गेला असता. त्यामुळे तुमचा प्रश्न चुकीचा म्हणवत नाही. मालिकेनेही तो टाळलेला नाही, लोक वेगवेगळं वागताना दाखवलेत.

ते चार प्रकाशवर्षांचं अंतर 400 वर्षांत म्हणजे वेग प्रकाशाच्या सुमारे एक टक्का पडतो, सेकंदाला 3,000 किलोमीटरच्या थोडा वर. हे गणित बरोबर आहे. जिथे बरोबर आहे तिथे मार्क द्यायलाच हवेत.

तर्री मार के

मास्तर, पास केलं म्हना ना सरळ!

निवृत्त मास्तर

शंभरपैकी 58. सोफॉनचे प्रश्न सक्तीचे होते.

कपाशी

माझे पाचच भाग झालेत, लाइट गेली नाहीतर सहावाही झाला असता. घुबडदादा, तुम्ही म्हणता पहिल्या भागानंतर काही नाही. पाचव्याच्या शेवटी जगातल्या सगळ्या पडद्यांवर परग्रहवाल्यांचा निरोप येतो: तुम्ही किडे आहात. रस्त्यावर लोक थिजून उभे. माझे इथले रूममेटही गप्प झाले. मला हसू आलं.

आमचं शेत हिंगणघाटकडे, सात एकर कापूस. बीटी बियाणं देशात 2002 मध्ये आलं तेव्हा मी लहान होतो, पण बाबा सांगतात की वाटलं होतं, संपली बोंडअळी. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्या नागपुरातच, एवढे शास्त्रज्ञ हाताशी. आणि 2017 ला काय झालं? बाहेरून बोंड हिरवंगार, टपोरं. फोडलं की आत एक गुलाबी अळी निवांत बसलेली, सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली. त्याच साली यवतमाळकडे फवारणी करता करता माणसं विषबाधेने गेली. अळी राहिली.

त्यामुळे ‘तुम्ही किडे आहात’ ही धमकी आमच्याकडे कुणाला लागू पडेल असं वाटत नाही. किडा म्हणजे काय चीज आहे हे त्या तीन सूर्यवाल्यांना माहीत नसावं. त्यांनी एक हंगाम कापूस लावून पाहावा. हे मालिकेतल्या एवढ्या हुशार लोकांच्या डोक्यात कसं येत नाही? घुबडदादा म्हणतात ते इथे मलाही पटतं, लंडनमध्ये बसून सुचत नसेल.

स्कार्फवाली

भाऊ, तुम्ही आठवा भाग पाहा. आधी काही बोलू नका. मीही बोलत नाही.

धंतोलीचं घुबड

हो, पाहाच. (ताई, तुमच्याशी माझं पहिल्यांदा एकमत झालं, स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

माझं मत थोडं सुधारतो. पहिला भाग सोनं, आठव्याची शेवटची काही मिनिटं चांदी. मधलं अजूनही पितळच, आणि जहाजाचा राग कायम.

तर्री मार के

आईचे सहा झाले. ती म्हनते त्या पोलिसाले, दा शीले, जेवू घाला कोनीतरी, सारखा धावून राहिला बिचारा. तिच्यासाठी तोच हिरो हाय, बाकी पाचही पोट्टे भैताड.

कपाशी

धुळवडीच्या दुपारी, रंग धुऊन झाल्यावर पाहिला. दा शी त्या पाच मित्रांतल्या दोघांना गाडीत घालून घेऊन जातो आणि किडे दाखवतो. इतकी वर्षं माणूस यांच्या मागे लागलाय, तरी आहेत बघा, असं. म्हणजे त्यांच्या डोक्यात आलं होतं. शब्द मागे घेतो.

संध्याकाळी बाबांना फोन लावून सगळं सांगितलं. जहाज, तंतू, 400 वर्षं, आणि मग हा किड्यांचा प्रसंग. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्या पोलिसाची शेती किती एकर?”