आर्टेमिया पिल्लांऐवजी अंडी टाकताहेत, मोठे टिकत नाहीत

धरमपेठचा गप्पीवाला:
गॅलरीत २० लिटरच्या टबात आर्टेमिया (माशांना खाऊ घालायचे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) वाढवतो. होळीपर्यंत झकास चाललं होतं, माद्या थेट पिल्लं सोडायच्या. आता मादीच्या पिशवीत तपकिरी दाणे दिसतात, नंतर तेच वर तरंगून टबाच्या कडेला चिकटतात. मोठे पटापट मरताहेत, उरलेले लालसर झालेत. खायला स्पिरुलिना (शेवाळाची पूड) देतो. आटलं तेवढं मिठाचं पाणी रोज घालतो. बियाणंच, म्हणजे डब्यातली विकतची अंडीच, खराब निघाली काय?

खारं पाणी:
बियाण्याला काहून बोल लावता भाऊ? मिठाचं पाणी घालता ना, तिथंच गोम आहे. वाफ होते पाण्याची, मीठ टबातच राहते. आपल्याकडे मे महिन्यात माठ आटतो, तिथं टबाचं काय! टबावर मार्करनं रेघ मारा अन् रेघेपर्यंत साधं, क्लोरीन उडालेलं पाणीच घाला.

मादीला दोन्ही जमतं. पाणी मानवलं, खाणं भरपूर असलं की जिवंत पिल्लं. खारटपणा चढला, ऑक्सिजन घटला की कवचाची अंडी. डब्यातलं बियाणं बहुधा अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकचं असतं. तिथं थंडीत मोठे सगळे मरतात, अंडी तेवढी वसंतापर्यंत तग धरतात. लाल रंग हिमोग्लोबिनचा. गरम, खारट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, मग तो रंग चढतो. एअर पंप वाढवा.

यांना २५ ते २८ अंश मानवतं. ३५ च्या आसपास बहुतेक राम म्हणतात. जमलं तर दोनेक आठवड्यांत वयात येतात अन् पुढं काही महिने जगतात. गॅलरीत ते होणे नाही, टब आत घ्या.

इतवारीकर:
मी टब कूलरसमोर ठेवतो. पाणी गार राहतं, पण आटतंही दुप्पट. रेघेचं पथ्य पाळाच.

धरमपेठचा गप्पीवाला:
हायड्रोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजायचं साधन) टाकला, १.०७० दाखवतोय! अर्धं पाणी काढून साधं ओतू का?

खारं पाणी:
एकदम नको. रोज थोडं थोडं बदला, १.०२५ ते १.०३० पर्यंत आणा. कडेची अंडी फेकू नका. बारीक कापडातून गाळा, सावलीत खडखडीत वाळवा अन् घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा. ओली तशीच पाण्यात राहिली तर बरीचशी फुटतच नाहीत, झोपून राहतात.