सडक्या अंड्यांचा वायू आणि पुण्यातला झेंडू
सडक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड उन्हाने फोडून त्यातून हायड्रोजन काढता येतो म्हटलं, की कुणीतरी विचारतंच, "उन्हाने पाणीच फोडा की, त्या घाणेरड्या वायूच्या मागे कशाला लागायचं?" कारण सोपं आहे. पाण्याच्या एका मोलमागे (मोल हे रसायनशास्त्रातलं रेणू मोजायचं माप) निदान २३७ किलोज्यूल ऊर्जा लागते, या वायूला साधारण ३३. शिवाय खनिज तेल शुद्ध करताना तो निघतोच आणि रिफायनरीला तो कुठेतरी जिरवावाच लागतो. आज क्लॉस पद्धतीत त्याचा तिसरा हिस्सा जाळतात. गंधक हाती येतं, पण हायड्रोजनचं पाणी होऊन जातं. खरी हळहळ तिथेच आहे.

आपल्या पुण्यात, पाषाणच्या सी-मेट या सरकारी संशोधन संस्थेत, यावर जुनं काम झालंय. २००६ साली तिथल्या संशोधकाने कोरियातल्या सहकाऱ्यांबरोबर कॅडमियम इंडियम सल्फाइडचे सूक्ष्म कण बनवले. सूक्ष्मदर्शकाखाली ते हुबेहूब झेंडूच्या फुलासारखे दिसतात आणि पेपरच्या शीर्षकातही 'मेरीगोल्ड'च आहे! कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात हे कण टाकायचे, त्यातून वायू सोडायचा, वरून प्रकाश पाडायचा, की हायड्रोजनचे बुडबुडे येतात.

माझी शंका कॅडमियमबद्दल आहे. एक विष मारायला दुसरं विष वापरायचं, तर ते कण द्रावणातून पुरते परत मिळायला हवेत. आणि रात्री ऊन नसतं, पण रिफायनरी थांबत नाही, तेव्हा क्लॉसची भट्टी इतक्यात मोडीत निघणार नाही.