‘गोइंग स्टेडी’ म्हणजे लग्न ठरलं का?

प्रश्न : १९५०च्या दशकातल्या एका अमेरिकी कथेत ‘दे आर गोइंग स्टेडी’ असं वाक्य आहे. ‘त्यांचं लग्न ठरलंय’ असं भाषांतर चालेल का? ब्रिटिश कादंबऱ्यांतलं ‘वॉकिंग आउट’ही हेच का?

• नाही चालणार. ‘गोइंग स्टेडी’त लग्नाचा शब्द दिलेला नसतो. तिसऱ्या कुणाबरोबर फिरायचं नाही, एवढंच ठरलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकी कॉलेजांत अनेकांबरोबर डेटवर जाण्यात प्रतिष्ठा होती. समाजशास्त्रज्ञ विलर्ड वॉलर यांनी १९३७ मध्ये त्याला ‘रेटिंग अँड डेटिंग’ म्हटलं. युद्धानंतर शाळकरी वयातच जोडी धरून राहण्याची रीत पसरली. मुलगा आपली शाळेची अंगठी मुलीला देई. ती सैल होई, म्हणून मुली तिला दोरा गुंडाळत किंवा साखळीत ओवून गळ्यात घालत. तेव्हा कथेत ‘तिने अंगठी परत केली’ असं आलं, तर साखरपुडा मोडला असं लिहू नका.

• साखरपुड्याच्या जवळ जाणारा शब्द ‘पिन्ड’. कॉलेजातला मुलगा आपल्या फ्रॅटर्निटीची, म्हणजे मुलांच्या विद्यार्थी-मंडळाची, पिन मुलीला देई. ही स्टेडीच्या पुढची पायरी.

• ‘वॉकिंग आउट’ ब्रिटनमधलं, मुख्यतः कष्टकरी वर्गातलं. घरकाम करणाऱ्या मुलीला मालकाच्या घरी प्रियकराला भेटण्याची बहुधा मनाई असे. अशा प्रियकरांना ‘फॉलोअर्स’ म्हणत. मग अर्ध्या सुट्टीत बाहेर भेटायचं, चालत फिरायचं. इथे रोख लग्नाकडे असतो, म्हणून नुसतं ‘फिरायला जातात’ लिहिलं तर अर्थ निसटतो. ‘लग्नाच्या विचाराने भेटतात’ हे बरं. शब्दयोगी अव्ययाकडेही लक्ष हवं : ‘वॉक आउट विथ’ म्हणजे प्रेमाने फिरणं, ‘वॉक आउट ऑन’ म्हणजे सोडून जाणं. ‘स्टेप आउट ऑन’ म्हणजे तर जोडीदाराला फसवणं.

प्रश्न : मग ‘स्टेडी’ला ‘त्यांचं जमलंय’?

• तरुणांच्या संवादात चपखल. आईवडिलांच्या तोंडी मात्र टाळा. तिथे ‘जमलं’ म्हटलं की वाचक लग्नच जमलं समजेल. ‘ती हल्ली त्याच्याशिवाय कुणाबरोबर जात नाही’ असं उलगडून लिहावं.

• एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी असेल तर ‘मेक लव्ह’पाशीही थांबा. तेव्हा त्याचा अर्थ गोड बोलून मन वळवणं, प्रेमाराधन करणं असा होता. दिवाणखान्यात सगळ्यांदेखत एखादा हे करताना दिसला, तर तो फक्त बोलतो आहे.