शिअर कनेक्टरची 'स्ट्रेंग्थ': मजबुती, ताकद की क्षमता?

विचारणा
दादरच्या आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासात पार्किंगचे मजले पोलादी तुळयांवर काँक्रीटचा स्लॅब टाकून होणार आहेत. सल्लागारांच्या इंग्रजी अहवालाचा मराठी गोषवारा मी सभासदांसाठी लिहितेय. तुळई आणि स्लॅब जोडणाऱ्या खिळ्यासारख्या दांड्याला, म्हणजे शिअर कनेक्टरला, मी 'कर्तन संयोजक' म्हटलं आणि त्याची 'मजबुती' (अहवालातली 'स्ट्रेंग्थ') एम-३० प्रतीच्या काँक्रीटमध्ये ७४ किलोन्यूटन (बलाचं एकक), त्याहून मजबूत एम-४० मध्ये ८२, असं लिहिलं. एका काकांनी लगेच विचारलं, "खिळा तोच, मग काँक्रीट बदलल्यावर त्याची मजबुती कशी वाढली?" कोणता शब्द वापरू?

प्रतिसाद
काकांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मजबुती म्हटलं की ती त्या वस्तूची वाटते, आणि इथला आकडा एकट्या खिळ्याचा नाहीच.

तुळई वाकते तेव्हा वरचा स्लॅब तिच्यावरून लांबीच्या दिशेने सरकू पाहतो. दोन सुट्या फळ्या एकावर एक ठेवून वाकवल्या की टोकं मागेपुढे होतात, तसं. हे सरकणं अडवलं की स्लॅब दाब घेतो, पोलाद ताण घेतं आणि दोघांची मिळून एकच तुळई होते. अडवण्याचं काम तुळईच्या माथ्यावर वेल्ड केलेले स्टड, म्हणजेच तुमचे शिअर कनेक्टर, करतात. त्यांचं जाड डोकं स्लॅबला वर उचलू देत नाही, तेही महत्त्वाचं.

आता हा जोड दोन तऱ्हांनी हार मानतो. एक तर स्टडचा दांडा बुंध्याशी तुटतो, नाहीतर बुंध्यासमोरचं काँक्रीट चुरडतं. आधी जे होईल, तीच मर्यादा. युरोकोड ४ मध्ये (पोलाद-काँक्रीटच्या एकत्रित बांधकामाची युरोपीय मानकं) यासाठी दोन स्वतंत्र सूत्रं आहेत आणि लहान उत्तर धरायचं. तुमचे आकडे नेहमीच्या १९ मिमी स्टडचे दिसतात. पोलादाची ताणक्षमता ४५० मेगापास्कल आणि सुरक्षा गुणक १.२५ धरला, तर दांड्याचं उत्तर येतं सुमारे ८२ किलोन्यूटन. एम-३० काँक्रीटचं येतं ७४, म्हणून तिथे काँक्रीट आधी हरतं. एम-४० केलं की काँक्रीटचं उत्तर ८२ च्या वर जातं, पण मग दांडा तुटतो. त्यापुढे एम-६० ओतलं तरी आकडा ८२ च राहणार.

म्हणून मी 'क्षमता' लिहीन. 'मजबुती' काँक्रीटसाठी राखून ठेवा. 'कर्तन बल' मात्र इथे अजिबात नको. ते स्टडवर येणारं बल, तो पेलू शकतो ते नव्हे. अहवालांच्या भाषांतरात ही गल्लत फार दिसते आणि तिने अर्थ उलटा होतो.

प्रतिसाद
मी साइटवर असतो, लोअर परळला. 'कर्तन संयोजक' आमच्याकडे कुणालाच कळणार नाही. आम्ही 'स्टड मारला' म्हणतो. वेल्डभोवतीची पांढरी सिरॅमिकची रिंग फोडायची, खाली कॉलर (बुंध्याभोवती वितळून जमलेल्या धातूचं कडं) सगळीकडून भरलीय का बघायची, हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर संशय. पावसाळ्यात डेकशीट (स्लॅबखालचा पन्हळी पत्रा) किंवा रिंग ओली राहिली की वेल्डमध्ये हवेची छिद्रं पडतात, तेव्हा जास्तच बघावं लागतं. नमुन्याचे स्टड ३० अंश वाकवतो. न तुटता वाकला म्हणजे स्ट्रेंग्थ पास, असंच सगळे बोलतात. ते चुकीचं का?

प्रतिसाद
तुमची तपासणी अत्यंत गरजेची आहे, पण ती वेल्डची. तिला 'वेल्ड पास' म्हणा. क्षमतेचे आकडे ज्या सूत्रांतून येतात, ती पुश-आउट चाचण्यांवर बेतलेली आहेत: मध्ये पोलादी तुकडा, दोन बाजूंना स्टडने जोडलेले छोटे स्लॅब, आणि तुकडा वरून दाबत न्यायचा. त्यात जोड किती मिलिमीटर सरकला हेही मोजतात. युरोकोडनुसार किमान ६ मिमी सरकूनही भार धरून राहिला तरच तो लवचीक जोड मानला जातो. नुसत्या 'ताकद' शब्दात ही बाजू येतच नाही.

आणि गोषवारा लिहिणाऱ्या ताई, तुमच्या स्लॅबखाली डेकशीट आहे ना? तिच्या पन्हळी तुळईला आडव्या असतील तर स्टडभोवती काँक्रीट कमी उरतं आणि क्षमतेला कपात लागते. ७४ आणि ८२ हे कपातीआधीचे आकडे दिसतात, सल्लागारांना जरूर विचारा.

गोषवाऱ्यात 'शिअर स्टड' हाच शब्द ठेवा आणि वाक्य असं करा: 'स्लॅब तुळईवरून सरकू नये म्हणून बसवलेल्या प्रत्येक शिअर स्टडच्या जोडाची क्षमता एम-३० काँक्रीटमध्ये ७४ आणि एम-४० मध्ये ८२ किलोन्यूटन आहे.' 'जोडाची' हा शब्द गाळू नका.