मदत हवी आहे : व्होल्टेज उतरवलं तर डाळ मिलचं वीजबिल खरंच उतरतं का?

मंडळी, रामराम.

लातूर-उदगीर रस्त्याला आमची तुरीची डाळ मिल आहे. वडिलांनी उभी केली, आता आम्ही दोघं भाऊ बघतो. जोडणी उच्चदाबाची, ११ केव्हीची (म्हणजे ११,००० व्होल्टची). ट्रान्सफॉर्मर आमच्याच मालकीचा, ३१५ केव्हीएचा. हंगामात दोन पाळ्या चालतात आणि महिन्याला ६२,००० युनिटच्या आसपास जातात. बिल सहा लाखांच्या वर. डाळीत क्विंटलमागे सुटतं किती हे या धंद्यातल्यांना ठाऊकच आहे. तुरीचा भाव आपल्या हातात नाही, हमालीही नाही. विजेचं तरी काही करता येतं का, म्हणून हा धागा.

मागच्या आठवड्यात एक विक्रेता येऊन गेला. त्याच्याकडं 'व्होल्टेज ऑप्टिमायझर' नावाची पेटी आहे. म्हणाला, तुमच्याकडं व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त येतंय, ते उतरवलं की बिल १० टक्क्यांनी कमी, लेखी हमी देतो. किंमत ११ लाख. त्यानं दाखवलेलं व्होल्टेज मात्र खोटं नव्हतं. त्या रात्रीपासून मी स्वतः वहीत लिहून ठेवतोय. रात्री अकरानंतर पॅनेलवर ४४० पर्यंत जातं, दुपारी ४२० च्या आसपास. आमचा फीडर (वीज आणणारी लाइन) मिश्र आहे, शेतीपंप बंद झाले की व्होल्टेज चढतं. मोटारींच्या प्लेटवर ४१५ लिहिलंय.

लोड असा : एमरी रोलच्या (तूर भरडणाऱ्या रोलच्या) २५ एचपीच्या मोटारी, १५ एचपीचे दोन ब्लोअर, चाळण्या, माल वर उचलणारे ३ एचपीचे चौदा एलेव्हेटर, कॉम्प्रेसर आणि सॉर्टेक्स (रंग बघून डाळ निवडणारं यंत्र). दिवे सगळे एलईडी.

११ लाख म्हणजे आमच्यासाठी कर्ज. कोणी ही पेटी लावलीय का? १० टक्के खरंच मिळतात का? भाऊ म्हणतो घेऊन टाक, मला धीर होत नाही.

प्रतिसाद : जालन्याचा फीडरवाला

भाऊ, पेटीचं नंतर बघू. आधी सांगा, तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर पडणारं व्होल्टेज कमी-जास्त करायचा खटका) कितीवर आहे?

११ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू, म्हणजे मिलला वीज देणारी बाजू, ४३३ व्होल्टची असते. बाजूला एक छोटं चाक किंवा मूठ असते, तिच्यावर १ ते ५ आकडे. शेजारच्या नेमप्लेटवर कोणत्या आकड्याला किती व्होल्ट ते कोरलेलं असतं. साधारण १ म्हणजे येणाऱ्या बाजूचे ११,५५० आणि ५ म्हणजे १०,४५०, म्हणजे ५ वर मिलला सगळ्यात जास्त व्होल्टेज मिळतं, पण तुमच्या प्लेटवर जे असेल तेच खरं धरा. आपल्याकडं भारनियमनाच्या काळात व्होल्टेज इतकं पडायचं की लोकांनी टॅप ५ च्या टोकाला नेऊन ठेवले. पुढं लाइन सुधारली, टॅप तिथंच राहिला. जालन्याच्या रोलिंग मिलांत मी हे कितीदा बघितलंय.

आता १० टक्क्यांचं. बल्ब आणि साधा हीटर यांची वीज व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते, तिथं फरक लगेच दिसतो. विक्रेते तेच दाखवतात. मोटारीचं तसं नसतं. रोलला तूर भरडायला जेवढी ताकद लागते तेवढी लागणारच, मोटार तेवढे किलोवॅट ओढणारच. व्होल्टेज उतरवून वाचतो तो फक्त लोखंडातला तोटा (मोटारीच्या लोखंडी गाभ्यात उष्णता होऊन जाणारी वीज) आणि चुंबकत्वासाठी लागणारा करंट. अर्धवट लोडवरच्या मोटारीत तो भाग मोठा असतो, भरलेल्या मोटारीत छोटा. एलईडी आणि व्हीएफडीवरचा (मोटारीचा वेग बदलणाऱ्या उपकरणावरचा) लोड तर ठरलेली पॉवर घेतो, व्होल्टेज कमी केलं की करंट वाढवतो. तिथं बचत शून्य.

तुमच्या एलेव्हेटरना फायदा होईल, रोलना जवळपास नाही. आणि सगळ्यात जास्त युनिट रोलच खातात.

प्रतिसाद : वाळूजची मेंटेनन्सवाली

दादा, टॅपला हात लावण्याआधी दोन गोष्टी.

मोटारीचा टॉर्क (फिरवायची ताकद) व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतो. व्होल्टेज ५ टक्के उतरलं की टॉर्क जवळजवळ १० टक्के गेला. तुमचे रोल स्टार-डेल्टावर (मोटार आधी स्टार जोडणीत हळू सुरू करायची पद्धत) असतील तर स्टारमध्ये आधीच एक तृतीयांश टॉर्क मिळतो. मधेच लाइट गेली, रोलमध्ये माल अडकला आणि तसाच चालू केला तर मोटार उचलणार नाही. म्हणून दुपारचं सगळ्यात कमी व्होल्टेज पॅनेलवर नाही, सगळ्यात लांबच्या मोटारीच्या टर्मिनलवर मोजा. केबलमध्येही काही व्होल्ट पडतात. भरलेली मोटार कमी व्होल्टेजवर करंट जास्त घेते आणि तापते, वाइंडिंग जळालं तर दोन वर्षांची बचत एका रात्रीत गेली.

दुसरं म्हणजे कपॅसिटर, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरा कामाचा वाटा) सुधारायला लावतात ते. उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून बिल केव्हीएएचवर (नुसत्या कामाच्या नाही, घेतलेल्या एकूण विजेवर) येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर थेट युनिटमध्ये घुसतो, लॅग (कपॅसिटर कमी) असो वा लीड (कपॅसिटर जास्त). कपॅसिटरची क्षमताही व्होल्टेजच्या वर्गानं चढते. रात्री ४४० झालं, चाळण्या बंद आणि कपॅसिटरची बँक तशीच चालू, म्हणजे लीड होणार आणि व्होल्टेज आणखी वर जाणार. रात्री एकदा पॉवर फॅक्टर बघा.

टॅप चालू लाइनवर कधीच फिरवायचा नाही. परवानाधारक कंत्राटदार बोलवा. व्हीसीबी (उच्चदाबाचा ब्रेकर) उघडा, जीओ (खांबावरचा तिन्ही फेजचा स्विच) उघडा, एलटी म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा मेन उघडा, जनरेटर बंद, छतावर सोलर असेल तर तोही बंद. मग दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड. सोलरचं लोक विसरतात, कृपा करून तुम्ही विसरू नका.

धागाकर्ता

ताई, भाऊ, दोघांचे मनापासून आभार. सकाळी ट्रान्सफॉर्मरपाशी गेलो. प्लेटवर धुळीचा आणि तुरीच्या भुशाचा थर होता, ओल्या फडक्यानं पुसला तेव्हा आकडे दिसले. टॅप ५ वर! वडिलांना विचारलं तर म्हणाले, २००७-०८ ला रात्री रोल उचलत नव्हता, तेव्हा कंत्राटदारानं करून दिलं होतं. तेव्हापासून कुणी त्याकडं बघितलं नाही.

लांबच्या एलेव्हेटरच्या टर्मिनलवर दुपारी ४१३ मिळाले. रात्री पॉवर फॅक्टर ०.९७ लीड. ताईंनी सांगितलं तसंच निघालं.

आता ५ वरून ३ करू की थेट २?

प्रतिसाद : जालन्याचा फीडरवाला

३ च करा. हिशेब सोपा आहे : १०,४५० भागिले ११,००० म्हणजे ०.९५. रात्रीचे ४४० चे ४१८ होतील, दुपारचे ४२० चे ३९९, लांबच्या टोकाला ३९२ च्या जवळ. २ वर गेलात तर त्या टोकाला ३८३ च्या आसपास येईल. चालेल, पण उन्हाळ्यात फीडर आणखी पडला तर हातात काही उरणार नाही. ट्रान्सफॉर्मरच्या स्वतःच्या लोखंडातला तोटाही सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो, तो चोवीस तास चालू असतो हे लक्षात घ्या.

बदलताना मूठ दोन-चार वेळा पुढंमागं फिरवायला सांगा, इतकी वर्षं न हललेल्या संपर्कांवर थर बसतो. लोड टाकण्याआधी तिन्ही फेज मोजा. एखादी फेज वेगळी दाखवली तर लाइन घेऊ नका.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

काम झालं. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला कंत्राटदार आला, साडेनऊला लाइन घेतली. मूठ पहिल्यांदा जागची हललीच नाही, जोर न लावता हळूहळू सोडवली. तिन्ही फेज सारख्या आल्या तेव्हा कुठं जिवात जीव आला.

क्लॅम्प मीटरनं आधी आणि नंतर, दोन्ही वेळा रात्रीच मोजलं. एका एलेव्हेटरचा करंट ३.४ वरून ३.१ अँपिअर झाला. एमरी रोलचा २७ वरून २८ झाला, म्हणजे वाढला. तुम्ही सांगितलं तेच डोळ्यांनी बघितलं. रोलच्या मोटारीला आता रोज हात लावून बघतो, ओव्हरलोड रिलेही तपासून घेतला.

महिन्याचं बिल बघून काही कळत नाही, कारण आवक कमी-जास्त होते. म्हणून क्विंटलमागे युनिट काढले, आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे. ४.१ चे ४.० झाले, म्हणजे साधारण अडीच टक्के, महिन्याला दीड हजार युनिटच्या घरात. मालाच्या ओलीनंही एवढा फरक पडू शकतो, म्हणून हंगाम संपेपर्यंत वही चालू ठेवणार आहे. खर्च फक्त कंत्राटदाराच्या मजुरीचा.

विक्रेत्याला फोन करून सांगितलं, पेटी लावा, एक आठवडा चालू आणि एक आठवडा बायपासवर (पेटी वगळून) ठेवा, क्विंटलमागे युनिट मोजू आणि मग पैसे देतो. त्याचा अजून परत फोन आलेला नाही.

एक शंका राहिलीय. रात्र आणि दुपार यांच्यात अजूनही वीस व्होल्टचा फरक आहे. त्यासाठी सर्वो (व्होल्टेज आपोआप एकसारखं ठेवणारं यंत्र) घ्यावा का?

प्रतिसाद : वाळूजची मेंटेनन्सवाली

बचतीसाठी नको. सर्वो स्वतःही थोडी वीज खातो आणि तुमचं व्होल्टेज आता मोटारींच्या मर्यादेत आहे. सॉर्टेक्सला वेगळा छोटा सर्वो असेल तर तो राहू द्या.

त्यापेक्षा कपॅसिटर बँकेला एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळणारं) पॅनेल लावा, म्हणजे रात्री कपॅसिटर आपोआप सुटतील. आणि चौदा एलेव्हेटरचा लोड एकेक करून मोजा. जी मोटार ४० टक्के लोडच्या खाली चालते तिथं ३ एचपीची गरजच नाही, जळाली की रिवाइंड न करता २ एचपीची आयई३ (जास्त कार्यक्षम श्रेणीची) मोटार बसवा. तुमच्या एलेव्हेटरची बादली किती किलोची आहे आणि उंची किती? ती सांगितलीत तर मोटार किती एचपीची लागते ते इथंच काढून देते.